सलग जागा

बाळ रडलं ते माझं नव्हतं, तरी माझा कुर्ता भिजला.

नवजात बाळांच्या वॉर्डात नर्सच्या टेबलापाशी मी उभी होते. हातात स्क्रू-ड्रायव्हर, समोर आमच्या कंपनीचा, सगळ्या पाळण्यांना मिळून असलेला मॉनिटर, त्याचं मागचं झाकण काढलेलं. काचेपलीकडं कुठलंसं मूठभर पोर कोकललं आणि छातीत कळ आली. रेवा तेव्हा सात महिन्यांची होती. तिला पुण्यात सासूबाईंपाशी ठेवून मी सकाळी निघाले होते. बाळंतपणाच्या रजेनंतरची पहिलीच बाहेरगावची फेरी. मी घाईघाईनं फाईल छातीशी धरली.

"फाईल धरून काय थांबतंय होय ते?" मागून आवाज आला. "चला माझ्याबरोबर."

साध्या सुती साडीतल्या पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी मला वॉर्डामागच्या खोलीत नेलं, दाराला कडी लावली, कपाटातून स्टीलची वाटी काढून गरम पाण्यानं विसळली.

"पंप आहे, पण बिघडलाय. हातानंच काढा. आणि लाजू नका, माझा जन्म यातच गेला. केवढं आहे?"

"सात महिन्यांचं."

"मुलगी."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मुलगा असला की लोक आधी मुलगा म्हणतात, महिने नंतर सांगतात."

मला हसू आलं. त्या पाठ करून खिडकीपाशी उभ्या राहिल्या. वाटी अर्धी भरली. मी म्हटलं, "हे इथल्या कुणा बाळाला..."

"नाही चालत तसं. ओतायचं बेसिनमध्ये. जिवावर येतं, माहीत आहे मला." मग म्हणाल्या, "तुम्ही मशीनवाल्या ना? तपासलंत? काय निघालं?"

"काहीच नाही. चार वेळा तपासलं. अलार्म व्यवस्थित वाजतोय."

"वाजणारच. मशीन चांगलं आहे तुमचं. मीच दाबलं असणार."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ज्या सिस्टरवर ठपका होता, त्या ह्याच. एस्तेर साळवे.

पुण्याहून निघताना मला एवढंच सांगितलं होतं: आठवड्यापूर्वी तीन नंबरच्या पाळण्यातलं बाळ गेलं. दिवस भरायच्या आत जन्मलेली मुलं श्वास घेता घेता मध्येच थांबतात. मॉनिटर ओरडतो, सिस्टर धावते, तळपायाला टिचकी मारते, की पोर दचकून पुन्हा श्वास घ्यायला लागतं. दिवसातून कितीतरी वेळा हे असं चालतं. त्या सकाळी एस्तेर सिस्टर पलीकडच्या बाळाला नळी घालत होत्या, पाठ वळलेली होती. मॉनिटर ओरडला नाही. त्या वळल्या तेव्हा बाळ निळं पडलं होतं.

हॉस्पिटलच्या समितीनं निष्कर्ष काढला तो सरळ होता. अलार्म चालू आहे, म्हणजे कुणीतरी तो गप्प केला. मी गेले होते ती कागदावर तसा शेरा मारायला.

"तुम्हाला आठवतंय दाबल्याचं?" मी विचारलं.

एस्तेर सिस्टरनी वाटी माझ्या हातातून घेतली. "बाई, ते आवाज काय एक आहेत? बाळानं पाय झाडला तरी वाजतं, वायर हलली तरी वाजतं. हातात काम असलं की कोपरानंसुद्धा दाबतो आम्ही. दहा वर्षं दाबतोय. आता मी रोज उठून आठवून बघते. दाबल्याचं आठवत नाही. पण न दाबल्याचंही आठवत नाही ना." त्यांनी दूध बेसिनमध्ये ओतलं आणि नळ सोडला. "सोमवारी सही करायला बोलावलंय. माझ्या हातून झालं म्हणून. करून टाकते. आज कपाटातलं सामान न्यायला आले होते."

मी गप्प राहिले असते तर परतीची गाडी सहज मिळाली असती. पण नव्या आयांची एक खोड असते. सगळं ठीक आहे असं कुणी म्हटलं की त्या उठून पुन्हा एकदा बघून येतात.

"त्या दिवशी मशीनचं काही वेगळं जाणवलं?"

"नाही हो. राऊंडला डॉक्टरांनी ते मोठ्या आलेखाचं बटण दाबलं, तेव्हा पडदा जरा अडकला. आलेख काही आला नाही. राहू दे म्हणाले डॉक्टर, आणि आधीचाच पडदा परत लावला. अडकतोच तो अधूनमधून."

"मशीन बंद करून चालू केलंत?"

"बंद?" त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "बाळं असताना? संक्रांतीपासून एकदाही बंद नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुमचा तो पोरगेलासा माणूस आला, त्यानं आल्या आल्या पहिल्यांदा बंद केलं."

झाकण उघडण्याआधी मीही पहिलं तेच केलं होतं.

---

"या आईसाहेब," कुणाल म्हणाला. "शेरा मारून आलात?"

कुणाल ढेरे माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी रजेवर गेले तेव्हा माझं काम त्याच्याकडं आलं होतं. आमची कंपनी भोसरीच्या एका गल्लीत, पत्र्याच्या शेडवरच्या मजल्यावर. मॉनिटरचं कर्नल मी आणि कुणाल सांभाळायचो. कर्नल म्हणजे यंत्रातला सगळ्यात आतला प्रोग्रॅम. अलार्मचा प्रोग्रॅम, पडद्याचा प्रोग्रॅम, सगळे त्याच्याकडं मेमरी मागतात आणि तो वाटून देतो.

"तू तिथं गेल्यावर आधी काय केलंस?"

"रिस्टार्ट."

"का?"

"का म्हणजे? काहीही तपासायच्या आधी आपण तेच करतो. तू शिकवलंयस."

खरं होतं. आमच्या टेबलावरची यंत्रंसुद्धा रोज सकाळी नव्यानं चालू व्हायची. आम्ही कायम ताजं, आंघोळ घातलेलं यंत्र तपासत होतो. वॉर्डातलं यंत्र महिनोन्महिने जागं असायचं.

"कुणाल, मोठ्या आलेखाला मेमरी कशी मागतोस?"

"एक मोठा सलग तुकडा. का?"

"नाही मिळाला तर?"

"मिळतो."

"मी रजेवर गेले तेव्हा तसं नव्हतं. सलग नाही मिळाला तर लहान लहान तुकडे घेऊन जोडायचे, असं ठेवलं होतं मी."

"हो, आणि त्यानं पडदा क्षणभर काळा व्हायचा. तू घरी अंगाई म्हणत होतीस, इथं मी शिव्या खात होतो. डॉक्टर लोकांना काळा पडदा चालत नाही, मोकाशी सर रोज डोक्यावर बसायचे. मग मी ते जोडकाम काढलं आणि कर्नलला बजावून ठेवलं, रिकाम्या हातानं परत यायचं नाही. काय वाट्टेल ते कर, पण सलग जागा आण." तो बोलता बोलता थांबला. "तू अशी का बघतेयस?"

"काय वाट्टेल ते म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलं होतं का?"

तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ऑफिसात आम्ही दोघंच. टेबलावर एक पत्र्याचा डबा असायचा, बाळाच्या श्वासाची खोटी लाट काढणारा. ऑफिसात त्याचं नाव सोन्या. त्याचा खटका ओढला की सोन्याचा श्वास थांबायचा. आम्ही सोन्याला मॉनिटरला जोडलं आणि खटका ओढला. अलार्म कानठळ्या बसवत वाजला.

"बघ," कुणाल म्हणाला. "ठणठणीत."

मग मी एक छोटा प्रोग्रॅम सोडला. मेमरीतून चिमूटचिमूट घ्यायची, मध्येच थोडी सोडायची, पुन्हा घ्यायची, पुन्हा सोडायची. वॉर्डात तीन महिन्यांत जे होतं ते सकाळभरात घडवून आणायचं. जेवणवेळेपर्यंत मेमरी बरीच मोकळी दिसत होती, पण तिचे सगळे तुकडे तुकडे झाले होते. सलग असं काही उरलं नव्हतं.

मी मोठ्या आलेखाचं बटण दाबलं. पडदा अडकला.

"हे असंच झालं होतं तिथं," मी म्हटलं. मागं जायचं बटण दाबलं. पडदा सुटला. सोन्याची लाट पुन्हा वाहायला लागली, एकदम शहाण्यासारखी.

"आता ओढ खटका."

कुणालनं खटका ओढला. सोन्याची लाट सपाट झाली.

खालच्या शेडमध्ये लेथ चालू होतं, त्याची घरघर ऐकू येत होती. दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

"वाजेल," कुणाल म्हणाला. "थांब जरा."

आम्ही थांबलो. पडद्यावर एक सरळ रेघ शांतपणे डावीकडून उजवीकडं जात राहिली.

"वाजेल गं," तो पुन्हा म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. त्याचा हात खटक्यावरच होता. तो सोडायचंही त्याला सुचत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर तो डबा डबा राहिला नाही. मी बाहेर जाऊन घरी फोन लावला. "आई, रेवा काय करतेय?" सासूबाई म्हणाल्या, "झोपलीय, अजून काय करणार?" मी म्हटलं, "बघून या ना." "अगं आत्ताच बघितलं." "पुन्हा बघा. श्वास बघा तिचा." त्या उठल्याचं ऐकू आलं. "आहे बाई, चालू आहे. तुला काय झालंय?"

मी आत आले तेव्हा अलार्म कर्कश वाजत होता. मेलेल्या, म्हणजे मध्येच बंद पडलेल्या प्रोग्रॅमला पुन्हा उभं करणारी एक राखण यंत्रात असते, ती उशिरानं जागी झाली होती. सगळं उरकल्यावर. समितीला अलार्म चालू मिळाला तो यामुळं. कुणाल दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता. त्याला तो बंद करवत नव्हता. मीच केला.

त्यानंतर आम्ही तो प्रयोग पुन्हा पुन्हा केला. प्रत्येक वेळी आलेखाला सलग जागा करायला कर्नलनं अलार्मच्याच प्रोग्रॅमला मारलं.

---

मोकाशी सरांना, कंपनीच्या मालकांना, आम्ही घरून बोलावून घेतलं. ते घरातली चप्पल घालूनच आले, बँकेतून रिटायर झाल्यासारखे दिसणारे, कंपनीपायी घर गहाण टाकलेले. त्यांच्यासमोर सोन्याचा श्वास थांबवला. ते शेवटपर्यंत उभे राहिले.

"दुरुस्ती?" त्यांनी विचारलं.

"झाली," मी म्हटलं. "सलग जागा नसेल तर कुणाला मारायचं नाही. तुकडे घ्यायचे, जोडायचे. चित्र जरा उशिरा येईल."

"मग उद्याच सगळ्या हॉस्पिटलांत पाठवा. कारण लिहायचं नाही. सुधारित आवृत्ती म्हणायचं."

"सर, सोमवारी सिस्टर सही करणार आहेत."

"मी काय म्हणतोय ते कळतंय का तुला मृण्मयी? हे लेखी गेलं की आपलं यंत्र उद्या कुणी दारात उभं करणार नाही. ही सगळी पोरं..." त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडं हात केला. "सिस्टरांचं बघू काहीतरी. मी डीनशी बोलतो."

"त्यांना नोकरीचं नाही वाटत, सर. त्यांना वाटतंय आपण मूल मारलं."

कुणाल इतका वेळ भिंतीकडं बघत होता. "सर, कोड माझा आहे. मी लिहून देतो माझ्या नावानं. कंपनीनं मला काढलं म्हणून सांगा."

"तू गप बस," मोकाशी सर ओरडले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. "काळा पडदा नको म्हणून कोण ओरडत होतं तुझ्यावर? तूच ओरडत होतास का स्वतःवर?" त्यांनी चष्मा घातला. "हॉस्पिटलला मी कळवतो. माझ्या नावानं जाईल. तू त्या बाईंकडं जा, मृण्मयी. माझ्याच्यानं ते व्हायचं नाही."

कंपनी पुढं वर्षभर टिकली. पण ती नंतरची गोष्ट.

---

रविवारी सासूबाईंना ताप होता, म्हणून रेवाला घेऊनच त्या गावी गेले. एस्तेर सिस्टरांचं घर चर्चच्या मागच्या चाळीत. त्या नुकत्याच प्रार्थना करून आल्या होत्या, पांढरी साडी अजून अंगावर होती. रेवाला बघून त्यांचा चेहरा उजळला, पण त्यांनी तिला घ्यायला हात पुढं केले नाहीत.

"बसा. पोरीला टोपरं नाही घातलंत? वारं आहे."

मी बसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. तुमचा हात नव्हता. तुम्ही बटण दाबलं नव्हतं. दाबलं असतं किंवा नसतं तरी काही वाजलंच नसतं. मोकाशी सरांनी हॉस्पिटलला कळवलं आहे. सोमवारी सही करायची नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही. उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडं बघत राहिल्या.

"मला नीट सांगा," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी चित्र मागितलं आणि अलार्म मेला. हे कसं?"

मी शब्द शोधले. "एसटी समजा. गाडीत जागा आहेत, पण एक इथं, एक तिथं. एक मोठं कुटुंब चढलं. म्हणालं, आम्हाला सगळ्यांना शेजारी शेजारीच बसायचंय. कंडक्टर एरवी म्हणाला असता, विखरून बसा. पण ह्या कंडक्टरला बजावलं होतं की नाही म्हणायचंच नाही. मग त्यानं गाडीत सगळ्यात जास्त जागा अडवून कोण बसलंय ते बघितलं, आणि त्याला उतरवलं."

"चालत्या गाडीतून."

"हो."

"आणि तो आमचा अलार्म."

"त्याच्यापाशी सामान जास्त होतं. प्रत्येक बाळाचे मागचे सगळे श्वास तो साठवून ठेवायचा. खरा धोका कुठला आणि नुसता पाय झाडलेला कुठला, ते ओळखता यावं म्हणून."

"ते आम्हीच मागितलं होतं," एस्तेर सिस्टर हळू म्हणाल्या. "सारखं खोटं वाजतं म्हणून मीच अर्ज केला होता तुमच्या कंपनीला."

रेवा माझ्या मांडीवर चुळबुळ करायला लागली. मी तिला कडेवर घेऊन उभी राहिले, झुलवायला लागले. मला वाटलं, झालं सांगून.

"मग बसलं का ते कुटुंब?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न येऊ नये असं मला वाटत होतं. प्रयोग करताना मी आणि कुणालनं ते प्रत्येक वेळी बघितलं होतं, आणि एकमेकांशी त्याबद्दल बोललो नव्हतो.

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"ज्याला उतरवलं, त्याच्या जागासुद्धा विखुरलेल्याच होत्या. एक पुढं, एक मागं, एक खिडकीशी. त्या मोकळ्या झाल्या, पण सलग काही झाल्या नाहीत. त्याला मारून जागा मिळाली नाहीच."

"म्हणून आलेख आला नाही."

"हो."

"डॉक्टर म्हणाले, राहू दे."

"हो."

एस्तेर सिस्टरनी मांडीवरचा उताणा हात पालथा केला. मग म्हणाल्या, "म्हणजे उगीच."

बाहेर कुणीतरी बादली भरत होतं, ती भरून वाहायला लागली तरी नळ कुणी बंद केला नाही.

"त्या बाळाची आई मंडईमागं राहते," त्या म्हणाल्या. "पूनम. वीस-एकवीसची असेल. मी गेले होते तिच्याकडं, परवा. तिच्या सासूनं दारातून हाकललं. पण ती उठून आली. मी म्हटलं, बाई, माझ्याकडून झालं, मला शिक्षा दे. तिनं काय केलं असेल? माझा हात धरला. म्हणाली, सिस्टर, तुम्ही किती पोरं वाचवली असतील, माझं एक वाचवायचं राहिलं. तुमच्यावर राग धरून मी जगू शकणार नाही. केवढं बळ लागलं असेल तिला ते बोलायला." त्यांनी डोळे मिटले. "आता मी जाऊन तिला काय सांगू? जिला माफ केलंस ती नव्हतीच म्हणून? कुणीच नव्हतं म्हणून? एक चित्र बघायचं होतं, तेही दिसलं नाही म्हणून?"

"न सांगितलं तर?" मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला माझी लाज वाटली.

"तिचं पोर आहे, बाई. तिला माहीत पाहिजे." त्या उठल्या. आरशात न बघता त्यांनी पदर सारखा केला, कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या.

"मी येते बरोबर," मी म्हटलं. "चूक आमची आहे. मी समजावून सांगते तिला."

एस्तेर सिस्टर दारात थांबल्या. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी रेवाला हात लावला. तिच्या टाळूवरनं बोटं फिरवली, अगदी हलकी.

"तुम्ही नका येऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या कडेवर मूल आहे."

आणि त्या एकट्याच मंडईच्या दिशेनं चालायला लागल्या.